वाटेतली ट्रंक

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर, आणि मेसेज आला की दादा तो बातम्यांसारखा मोठ्याने वाचतो. हे फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय.

तू विचारलं होतंस, मुलं कशी आहेत, काय शिकवतेस. खरं सांगू? अजून एकाही मुलाला एक अक्षर शिकवलेलं नाही. मी आले तेव्हा संस्थेच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून मला तात्पुरतं त्यांच्याच वृद्धाश्रमात पाठवलं. ते तात्पुरतं अजून चालूच आहे. माझ्या एम.ए.चं चीज काय होतंय म्हणशील, तर सकाळी धुऊन आलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या. मग नखं कापायची. म्हातारपणी पायाची नखं शिंगासारखी होतात गं, आधी कोमट पाण्यात भिजवावी लागतात. शिवत बसणाऱ्या आज्यांना सुया ओवून द्यायच्या. दोन्ही हात पुढे करून लोकरीची लड धरून बसायचं, म्हणजे समोरच्या आजींना गुंडा करता येतो. हे मी कुणालाच कळवलं नाही. निघताना कॉलेजात हार घातला होता, सेवेच्या व्रतावर भाषणं झाली होती. त्या हाराला मोजे शोभले नसते.

इथली भाषा येत नाही, म्हणून माझं सगळं हातवाऱ्यांवर. आणि नशीब बघ, मला सोपवल्या त्या आजींना दिसत नाही! सगळे त्यांना महाराणी म्हणतात, कारण हुकूम सोडल्याशिवाय त्यांचा घोट गिळला जात नाही. पहिल्या दिवशी मी खुणा करत राहिले आणि त्या भिंतीकडे तोंड करून माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या. मग मी उजवीकडे, डावीकडे, गरम, थांबा, एवढे शब्द घोकले. माझे उच्चार ऐकून महाराणी पोट धरून हसायच्या. आमचं छान जमलं होतं.

तुला माझी आवरण्याची खोड माहीतच आहे. मागच्या आठवड्यात महाराणी अंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात मी त्यांची खोली आवरली. अगदी मधोमध एक स्टूल होतं, ते भिंतीला लावलं. कपाटाच्या मुठीवर नेहमी लोंबणारा टॉवेल घडी करून आत ठेवला. खोली कशी मोकळी झाली! त्या परत आल्या, दारातून झपाझप चालत आल्या, आणि हात खाली नेला. तिथे स्टूल नव्हतं. हात हवेतच फिरला. एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. वहिनी, स्वतःच्याच खोलीत त्या बाई रानात चुकल्यासारख्या उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, हुकूम सोडला नाही. हळूच खाली बसल्या आणि फरशीवरच बसून राहिल्या. ‘थांबा’ हा शब्द मला येत होता, पण त्या तर थांबल्याच होत्या. नर्सबाई आल्या, त्यांनी स्टूल होतं तिथे आणलं, टॉवेल लटकवला आणि मला मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, तू ही खोली बघतेस, त्यांना ती पाठ आहे.

तेव्हा मला अप्पांची ट्रंक आठवली.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी मी अप्पांची खोली लख्ख केली, तेव्हा तू दारात उभी होतीस. पलंगाकडून दाराकडे जाताना आडवी येणारी ती ट्रंक मी पलंगाखाली सारली. वाचायला उजेड हवा म्हणून त्यांची खुर्ची खिडकीशी नेली. उजेड! बाथरूमच्या कडीला बांधलेली ती कळकट चिंधी मी कात्रीने कापून टाकली. तू म्हणालीस, वन्सं, राहू द्या ना, त्यांना सवय आहे. तू चिडलीस की मी वन्सं होते, हे मला कळतं. पण मला वाटलं, हिला झाडायचा कंटाळा. तेही मी तोंडावर बोलले नाही, फक्त झाडू जरा जोरात मारला.

आता एकेक आठवतंय. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि म्हणायला लागला, हल्लीची घड्याळं काय उघडायची, बंद पडली की फेकायची. पेपरात काही राम नसतो, तूच वाच मथळे. मी निघताना पाया पडले, तर त्यांचा आशीर्वादाचा हात आधी माझ्या कानावर आला. मी म्हटलं, अप्पा, जाता जाता कान पिळताय होय? सगळे हसलो. तेही हसले.

मी गेल्यावर अप्पांनी अंथरूण धरलं, तेव्हा दादा फोनवर म्हणाला, तुझं जाणं त्यांनी मनाला लावून घेतलंय. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, आत कुठेतरी बरंही वाटलं. त्या रात्री डायरीत लिहिलं, अप्पांचा माझ्याशिवाय पाय निघत नाही. किती सुबक वाक्य! पाय निघत नव्हता तो ट्रंक जागेवर नव्हती म्हणून. कदाचित मी चुकतही असेन. चुकले तर काही बिघडत नाही, पण बरोबर असेन तर वेळ थोडा आहे.

कारण काल दादा म्हणाला, महिनाअखेर अप्पांचा पलंग हॉलमध्ये हलवायचा आणि दिवसभराची बाई ठेवायची. वहिनी, तेवढं होऊ देऊ नकोस. पलंग हलला की त्यांची उरलेली वाटही जाईल. ट्रंक काढ आणि होती तिथे ठेव. नक्की कुठे होती ते मला आठवत नाही, मी नीट बघितलंच नव्हतं; तू तिच्याभोवती इतकी वर्षं झाडलंयस. खुर्ची मागे आण. कडीला चिंधी बांध, जुन्या धोतराचीच. डोळ्यांचं त्यांच्यापाशी काढू नकोस, त्यांनी एवढं झाकलंय ते आपण उघडायला नको. मी आले की डॉक्टरांचा विषय मीच काढीन, शिव्या मी खाईन. तू फक्त ट्रंक ओढताना माझ्या नावाने बोटं मोड, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशी. म्हण, वन्संना मेली नसती हौस, सगळं उलटंपालटं करून गेल्या. मग दार उघडं ठेव आणि स्वयंपाकघरात जा. चहा आत नेऊन देऊ नकोस. झाला म्हणून हाक मार, आणि थांब.

तुझीच,
वन्सं