विहारातली थाई मालिका

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, ९ जून २०२५

चि. बुद्धभूषण यास,
आत्याचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. नोकरीभर वॉर्डातल्या घंटा आणि फोन ऐकले, आता मला मोबाइल नको. तुझ्या बाबांच्या मोबाइलवर बोलावं तर दादा स्पीकर लावून बसणार. मग ते बोलणं कसलं, ग्रामसभाच! त्यापेक्षा पत्र बरं.

तर बातमी अशी. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून काय बघतोस, असं दादाने तुला विचारलं होतं, आणि तू म्हणालास की थायलंडची मालिका, बौद्ध देशातलं जीवन. झालं. मुलगा हैदराबादेत नोकरी करून धम्माचाही अभ्यास करतो, असं दादाने विहारात सांगून टाकलं. महिला मंडळाने लगेच ठरवलं की आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होईपर्यंत चार रविवार मोकळे आहेत, तर वंदनेनंतर हॉलमधल्या टीव्हीवर तीच 'नदीकाठची खानावळ' पाहायची. भाग बारा, म्हणजे रविवारी तीन.

काल पहिले तीन झाले. खालची इंग्रजी अक्षरं सरुबाईंची नात निकिता मराठीत करून सांगते. फूम नावाचा मुलगा आईच्या खानावळीत रांधतो आणि तान नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी रोज तिथे जेवायला येतो, इतकंच अजून कळलंय. सकाळी आजी भिक्खूंच्या पात्रात भात वाढते तेव्हा अख्ख्या हॉलने हात जोडले. दादा वायर जोडून पहिल्या रांगेत असा बसला होता, जणू मालिका त्यानेच काढली आहे. मला एकच समजेना. तान घसरला आणि फूमने त्याला सावरलं, तर तेच तीन बाजूंनी तीनदा का दाखवलं? मी आयुष्यात शेकडो पेशंट सावरले, पण इतका वेळ कुणाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले नाही.

जेवण वेळेवर करत जा. तुझ्या खोलीतल्या सोबत्याला, अनिरुद्धला, माझी आठवण सांग. माया आहेच, ती उत्तर पाठवून वाढव.

तुझी आत्या,
आम्रपाली

हैदराबाद
शुक्रवार, १३ जून २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आत्या, काहीही कर, पण चौथा भाग लावू देऊ नकोस. वायर लपव, चक्कर आली म्हणून सांग, वाटेल ते कर. बाबांना फोन करावा तर ते कारण विचारणार, आणि स्पीकरवर निम्मं महिला मंडळ ऐकणार.

मी खोटं बोललो नव्हतो, अर्धंच बोललो होतो. देश बौद्ध आहे हे खरं. पण गोष्ट त्या दोन मुलांच्या प्रेमाची आहे, एकमेकांवरच्या. तिकडे अशा मालिका ढिगाने निघतात आणि लोक आवडीने बघतात. चौथ्या भागात तान ते सरळ बोलून दाखवतो. तिथे सरुबाई, सुंदराबाई, आणि पहिल्या रांगेत बाबा! नुसत्या कल्पनेने मला घाम फुटतो. विहारात बाबांच्या शब्दाला किती मान आहे, तुला माहीत आहे. माझ्यामुळे त्यांना खाली बघावं लागलं तर मी पुण्यात कुठल्या तोंडाने येऊ?

एवढं कर, आत्या. तुझ्या मायेवर सगळी भिस्त.

तुझा,
भूषण

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, १७ जून २०२५

चि. भूषण यास,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. चौथा भाग परवाच होऊन गेला, आणि पाठोपाठ पाचवा नि सहावाही. आता वायर लपवून काय उपयोग?

तान बोलला आणि निकिता वाचता वाचता थांबली. मग सरुबाईच म्हणाल्या की वाच की गं, डोळे आम्हालाही आहेत. पोरीने वाचलं. दोघींना तेवढ्यात घरचा कुकर आठवला आणि त्या उठून गेल्या. सुंदराबाईंनी मात्र जाहीर केलं की त्यांना हे घसरण्यापासूनच कळलं होतं. दादा उठला नाही. शेवटी वायर गुंडाळून घरी आला, एक भाकरी खाल्ली आणि तेव्हापासून गप्प आहे. त्याच्या मनात काय चाललंय, मला खरंच माहीत नाही.

आता मालिकेबद्दल, कारण मला ती आवडली आहे. फूमची आई फार गोड. दोघं भांडतात तेही भाजी कशी चिरायची यावरून, अगदी खऱ्यासारखं. पण पाचव्या भागात तानला ताप चढतो आणि हा फूम ओल्या फडक्याने त्याचं नुसतं कपाळ नि गळा पुसत बसतो! थर्मामीटर नाही, गोळी नाही, पाणीसुद्धा पाजत नाही. माझ्या वॉर्डात असता तर मेमो दिला असता. मधेच रडणं थांबवून दोघं तोंडाला क्रीम लावतात आणि डबी आपल्याकडे वळवून धरतात, तीही जाहिरात आम्ही भक्तिभावाने पाहिली.

खरा दोष वेगळाच आहे. फूमचा बाप त्याच्या लहानपणीच वारला आणि तानचा परदेशात, त्याचा साधा फोनही येत नाही. आई रडून जवळ घेणार, हे आताच दिसतंय. जिथे खरी परीक्षा होती तो माणूसच लेखकाने गोष्टीतून काढून टाकला. भ्याला बिचारा.

आणि आता तुला विचारते. लोकांनी एखादी मालिका पाहिली म्हणून कुणाला घाम फुटत नाही. राधावहिनी गेल्या तेव्हा तू नववीत होतास, तेव्हापासून तुझा घाम मी ओळखते. लिहावंसं वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी माझं तुझ्यावरचं प्रेम रतीभर कमी होणार नाही.

तुझी,
आत्या

हैदराबाद
शनिवार, २१ जून २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

हो, आत्या. अनिरुद्ध नुसता खोलीतला सोबती नाही. चार वर्षं आम्ही एकमेकांचे आहोत. हे वाक्य तीन कागदांवर लिहून फाडलं, हा चौथा.

तू ज्याला दोष म्हणतेस ना, त्याच्याचसाठी मी ती मालिका तीनदा पाहिली. तिच्यात बाप नाही, म्हणूनच मला ती शेवटपर्यंत बघवली. दार वाजलं की छातीत धस्स होत नाही, कारण बाहेर कोण असेल याची भीतीच नाही. आपल्याकडच्या गोष्टींत आमच्यासारखी माणसं हसवायला येतात, नाहीतर मरायला. इथे दोघं कपडे वाळत घालतात, उशिरा उठतात, आणि बाराव्या भागापर्यंत जिवंत राहतात. तेवढ्यासाठी मी त्यांना क्रीमची डबीही माफ केली. अनिरुद्धला मात्र अकरावा भाग असह्य होतो. तुम्ही तिथवर पोचाल तेव्हा कळेलच. दोघांचं बिनसतं आणि वर्षभर कुणी कुणाला एक ओळ लिहीत नाही.

अनिरुद्धने त्याच्या घरी सांगितलं आहे. त्याची आई दोन महिने बोलली नाही, आता दर महिन्याला लोणचं पाठवते. मी मात्र बाबांपुढे तोंड उघडू शकत नाही. पुढच्या महिन्यात कात्रजची मुलगी बघायला ये, असा त्यांचा फोन आला होता. मी हो म्हणालो! असा मी भेकड. एका मुलीला फसवायला निघालोय, अनिरुद्धच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही, आणि बाबांना नाही म्हटलं तर ते मला कायमचे तोडतील असं वाटतं. आई नाही, आता बाबाही नसतील, मग काय करू?

तू रागावली असशील तरी उत्तर दे.

तुझा,
भूषण

बिबवेवाडी, पुणे
बुधवार, २५ जून २०२५

चि. भूषण यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. अनिरुद्धबद्दल नाही रे, वेड्या. चार वर्षं तू माझ्याशी हात राखून बोललास, त्याचं वाईट वाटलं. आता ते संपलं.

तू भेकड आहेस, यात वाद नाही. पण ते रक्तातलंच आहे, दादाही सरळ बोलायच्या वेळी वायर गुंडाळत बसतो. त्याला मी काही सांगणार नाही, तो अधिकार तुझा. कात्रजला मात्र लवकर नाही म्हण. त्या मुलीने कुणाचं काय वाईट केलंय? पत्र मी जपून ठेवलं आहे. अनिरुद्धला सांग, लोणचं इकडेही घालतात.

तुझीच,
आत्या

बिबवेवाडी, पुणे
बुधवार, २ जुलै २०२५

चि. बुद्धभूषण यास,
जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

मालिकेचे बाराही भाग पाहिले. आम्रपालीने तुला काय लिहिले ते मला ठाऊक नाही. तुझे पत्र तिने तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. घरात भात मी लावतो, हे ती विसरते. पत्र मी उघडलेले नाही. तशी गरजही पडली नाही. तीस वर्षे जमीन मोजणी खात्यात काढली. दर रविवारच्या फोनवर तू अनिरुद्धचे नाव किती वेळा घेतोस, हे मोजायला मला टेप लागत नाही. मोजले होते, पण उत्तर बघायचे नव्हते.

चौथ्या भागानंतर फार राग आला. कुणाचा, ते ठरेना. पुढच्या रविवारी जाणार नव्हतो, पण मी गेलो नाही तर वायर कोण जोडणार, म्हणून गेलो.

मालिका बरी आहे. नदी चांगली दाखवली आहे. अकरावा भाग फुकट. एका वाक्यात मिटेल अशा गोष्टीवरून दोन शहाणी माणसे वर्षभर गप्प! मी तिथेच म्हणालो की हा काय मूर्खपणा, बोलत का नाहीत? त्यावर सरुबाई भरसभेत म्हणाल्या की पोपटराव, तुम्ही घरी किती बोलता? सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही.

त्या फूमला बाप नव्हता. तुला आहे, आणि तू त्याला घाबरतोस. माझ्या लेखी हा मालिकेचा दोष नाही, माझा आहे.

मला सगळे समजले आहे असे नाही. तुम्ही दोघे समोर आल्यावर मी नीट वागेन, याची लेखी हमीही देत नाही. बोलताना चुकलो तर आम्रपाली आहेच.

काल कात्रजला जाऊन त्या मंडळींना नकार कळवला. त्यांनी कारण विचारले. मुलाचे ठरले आहे, असे सांगितले.

लोभ होताच, सांगायचा राहिला होता.

तुझा,
बाबा