दोन दिवसांसाठी या, शांताक्का

।। श्री गुरु बसवलिंगाय नमः ।।

धाराशिव
२ जानेवारी २०२५

ती. शांताक्का यांना,
महानंदाचा शरणार्थ.

आळंदला सगळे खुशाल असतील. आमचंही बरं चाललंय. पत्र बघून तुम्ही म्हणाल, घरात दोन-दोन फोन असताना हिला लिहायची काय हौस आली? पण आमच्या घरात रेंज येते ती अव्वांच्या खिडकीपाशीच, आणि फोन आला की अव्वांना तो स्पीकरवर लागतो. पडल्यापासून चालणं गेलं तरी कान शाबूत आहेत त्यांचे. स्वयंपाकघरात मी डबा उघडला तरी कुठला उघडला ते खाटेवरून सांगतात.

सोमवारी वेळ अमावस्या झाली. हे मुरूमला शेतात जाऊन पूजा करून आले. मी आणि अव्वा घरीच. भज्जी, आंबील, सगळं इथंच केलं. अव्वांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसल्याबिगर ह्याला चव न्हाय गं." मग भिंतीकडं तोंड करून निजल्या. मीही मग फार जेवले नाही.

तुम्ही पाठवलेली रबरी चटई मोरीत घातली. त्याआधीच ह्यांनी गुळगुळीत शहाबाद्या काढून खडबडीत फरशी बसवून घेतली होती. आता त्या मोरीत माणूस ठरवूनही घसरायचा नाही. दिवाळीत तुम्ही दोनदा विचारलंत, "आई पडली तेव्हा तू कुठं होतीस गं?" तेव्हा मी चहा ठेवायला उठले. दुसऱ्यांदाही बहुतेक चहाच ठेवला.

असो. एक काम होतं.

आमच्या एमएच्या वर्गाची अभ्याससहल आहे, रत्नागिरीला. शुक्रवारी १७ तारखेला संध्याकाळी निघायचं, रविवारी दुपारी परत. सहल सक्तीची आहे, तिला गुण असतात. म्हणजे परीक्षाच म्हणा ना. तेवढे दोन दिवस तुम्ही येऊन अव्वांपाशी राहाल का? एरवी मी तासाला जाते तेव्हा शेजारच्या शिवम्मा बसतात, पण त्या नुसत्या बसतात. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं अव्वा त्यांच्याकडून करून घेत नाहीत. पगारी बाई ठेवून बघितली, तिला दुसऱ्याच दिवशी पळवून लावलं. ह्यांना विचारलं तर "बघू" म्हणाले. तुमच्या भावाचं "बघू" तुम्हाला माहीतच आहे.

सहल अगदी काटकसरीची आहे. समुद्रावर दिवस एकच, बाकी सगळी एसटी. इथून सोलापूर, सोलापुरातून रात्रीची गाडी. राहायची खोली नाही, म्हणून तो खर्च नाही. सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर तोंड धुवायचं आणि तसंच पाण्याकडं जायचं. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कृष्णराज नावाचा एक मुलगा आहे वर्गात, तो सारखा कुरकुरतो, "मुलींना अर्धं, आम्हाला पूर्ण, आम्ही समुद्र दुप्पट बघणार आहोत का?" शिवप्रिया म्हणते, "तू पाण्यात जास्त वेळ उभा राहा, वसूल होईल." ही शिवप्रिया तामलवाडीची, वयानं माझ्या धाकट्याएवढी. सगळा बेत तिनंच आखलाय. जेवणाचं माझ्याकडं: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही मिळालं तर तिकडं घ्यायचं.

नऊ मुली आहेत. एकीलाही घरून सोडायला तयार नव्हते. मग शिवप्रियानं घरोघर सांगितलं, आमच्या वर्गातल्या महानंदाकाकू सोबत आहेत, पंचेचाळीस वर्षांच्या, लेकीचं लग्न झालेल्या. तिचे वडील मला बघायला आले. अगदी मुलगी बघायला येतात तसे, खुर्चीच्या टोकावर बसून. म्हणाले, "बाई, तुमी संगं हाव ना? मग आमची ना न्हाय." पुढं बाकीच्या आठ घरांनीही होकार दिला.

मी मान डोलावली. मला स्वतःला घरून कुणी हो म्हटलंय का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

गुरुवारी १६ ला आलात तर बरं होईल. आळंदहून उमरगा आणि तिथून धाराशिव गाड्या भरपूर आहेत.

भावजींना शरणार्थ.

तुमची भावजय,
महानंदा


।। श्री गुरु बसवलिंगाय नमः ।।

धाराशिव
९ जानेवारी २०२५

ती. शांताक्का यांना,
महानंदाचा शरणार्थ.

काल तुमचा फोन आला. मी अव्वांना भरवत होते, हात खरकटे, म्हणून नेहमीसारखं बोटाच्या पेरानं स्पीकरचं बटण दाबलं. तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, "महानंदा, आमच्या गुंडाप्पाभावजींच्या पोरीनंबी मराठीतच एमए केलं. तिला न्हाय समुद्रात उतरून गुण मिळाले. तू समुद्राची कसली परीक्षा घ्यायला चाललीस गं?"

मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला, ते तुम्हाला उद्धट वाटलं असेल. माफ करा. परीक्षा नाही, अक्का. गुण नाहीत, सक्ती नाही. नुसती सहल आहे. तुम्हाला खोटं लिहिलं.

अव्वा तोंडातला घास चावत राहिल्या. गिळला. मग म्हणाल्या, "समुद्र बघून काय करनार हाईस? मीठ घरात हाय की."

मी पुढचा घास कालवला.

"नळदुर्गाचं पाणी बघितलंस न्हवं? त्याच्याहून किती मोठं असंल?"

"पलीकडचा काठ दिसत नाही म्हणतात, अव्वा."

मी वाटी घेऊन उठले, तर मागून म्हणाल्या, "जा. त्या दिवशीचं मी कुनाला सांगितलं का? आताबी न्हाय सांगनार. शांता आली तर तिच्यापुढंबी तोंड उघडायची न्हाय. जा तू."

अक्का, त्यांनी मला जायला सांगितलं आणि माझे पाय जागच्या जागी बांधले गेले. हे तुम्हाला कळायचं असेल तर तो दिवस सांगायला हवा. काल रात्रीपासून तीन कागद फाडले. हा चौथा आहे, तो फाडणार नाही.

अव्वा मोरीत पडल्या नाहीत.

जुलैतला मंगळवार होता. प्रवेशाची शेवटची तारीख. हे दुकानाचा माल आणायला हैदराबादला गेलेले. अव्वा तेव्हा काठी घेऊन हिंडायच्या, आणि मी घरात नसले की सरळ रस्त्यावर निघायच्या, मठाकडं. दोनदा रिक्षावाल्यांनी आणून सोडलं होतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, "तासाभरात येते, खाटेवरून उठू नका," आणि जाताना बाहेरून कडी लावली. त्यांना न सांगता लावली.

प्रवेश अर्ध्या तासात झाला. तिथून सरळ घरी आले असते तर काही झालं नसतं. पण कॉलेजच्या दारात शिवप्रिया भेटली. "काकू, तुम्हीबी आमच्याच वर्गात? चला, चहा." अक्का, लग्न झाल्यापासून तेवीस वर्षांत मला कुणी असं चहाला चला म्हटलं नव्हतं. मी गेले. बाकड्यावर बसले. त्या पोरी कशाकशावर हसत होत्या, मीही हसले. यंदा सगळ्यांनी मिळून समुद्र बघायचा, असं शिवप्रिया त्याच दिवशी बोलली. घड्याळ माझ्या हातावर होतं. मला दिसत होतं की दीड तास झाला, पावणेदोन तास झाले. तरी मी आणखी अर्धा चहा घेतला.

अव्वांना लघवीला जायचं होतं. आपली मोरी आणि संडास दोन्ही अंगणात. दार उघडेना. त्यांनी हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग खिडकीतून शिवम्मांना बोलवावं म्हणून स्टूल ओढलं आणि त्याच्यावर चढल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं माणूस.

मी कडी काढली तेव्हा त्या खिडकीखाली पडलेल्या होत्या. लुगडं ओलं. मला बघून रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी लुगडं बदल. मग मानसं बोलाव."

मी लुगडं बदललं, कसंबसं त्यांना खाटेवर घेतलं आणि शिवम्मांना हाक मारली. शिवम्मा धावत आल्या, "काय झालं, काय झालं" करत. मी तोंड उघडायच्या आत अव्वाच म्हणाल्या, "मोरीत घसरले गं." दवाखान्यातही तेच. ह्यांनाही तेच, तुम्हालाही तेच. खुब्याचं हाड बसवलं, पण त्या काही उभ्या राहिल्या नाहीत. ह्यांनी मोरी फोडून नवी फरशी घातली, तुम्ही चटई पाठवली. रोज सकाळी त्या फरशीवर उभी राहून मी अव्वांचे कपडे पिळते.

पहिले दोन महिने वाटायचं, आज ना उद्या त्या बोलतील. रागाच्या भरात, दुखतंय म्हणून, नाहीतर नुसतं कुणी विचारलं म्हणून. बोलल्या असत्या तर मी शिव्या खाल्ल्या असत्या, कॉलेज सोडलं असतं, आणि ते प्रकरण संपलं असतं. त्या बोलल्या नाहीत. उलट ह्यांना दटावलं, "ती कॉलेजला जाईल. माझ्यापायी बंद करायचं न्हाय." लोक म्हणतात, नशीबवान आहेस, अशी सासू मिळाली. खरंच आहे ते. म्हणून तर मला रडायलाही जागा नाही.

सकाळी त्यांची लिंगपूजा मीच करून घेते. त्यांचा डावा तळवा थरथरतो, म्हणून त्याच्याखाली माझा तळवा धरते. त्यांच्या हातावर लिंग, माझ्या हातावर त्यांचा हात. त्या डोळे मिटतात. मला मिटवत नाहीत. दोन हातांचं ते वजन दिवसभर माझ्या मनगटात राहतं.

तुम्ही काही न कळता आला असतात, माझ्या जागी बसला असतात, आणि मी पाण्यात पाय घालून उभी राहिले असते. आणि अव्वा तुमच्यापुढं गप्प बसल्या असत्या, माझ्यासाठी. ते मला जमणार नाही असं काल कळलं.

आज दुपारी हे सगळं लिहून झाल्यावर मी अव्वांना वाचून दाखवलं. त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागं आणखी काही करायचं नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरतील. त्या चिडल्या.

"फाड ते."

"का, अव्वा?"

"शांताला कळलं तर ती मला घिऊन जाईल आळंदला. माझ्या आईला कोंडलं म्हनून. दोन खोल्यांत सुना, नातवंडं. तिथं मी पाव्हनी. पाव्हन्याला भांडं मागायचीबी लाज वाटती. काय समजलीस? तुझं कालेज वाचवाया मी खोटं बोलले व्हय? माझ्या लेकानं, शिवपुत्रानं, तुझं कालेज बंद केलं असतं तर तू दिवसभर तोंड फुगवून माझ्यापुढं बसली असतीस, ते एक. आन शांतानं मला उचलून नेलं असतं, हे दुसरं. हे दुसरंच मोठं."

मी खाली बसले, अक्का. सहा महिने मी समजत होते की त्यांनी मला बांधून ठेवलंय. त्या मात्र त्याच खाटेवर पडून तुमच्या भीतीनं गप्प होत्या.

आता एक गोष्ट लपवली तर हा कागदही फाडावा लागेल. त्या बोलत होत्या तेव्हा एक क्षण माझ्या मनात आलं: नेतील? तर नेऊ देत. एकच क्षण, पण आलं. खोली मोकळी होईल, खिडकी उघडता येईल, मी कधीही जाईन, कधीही येईन, असं सगळं त्या एका क्षणात दिसलं. मग त्यांनी उशीवरून मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इचार करतीयास न्हवं?" काय सांगू? म्हटलं, "हो."

"कर की," म्हणाल्या. "मीबी केला असता."

आणि आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदाच, त्या मंगळवारनंतर.

ह्यांना मी आज जेवताना सांगणार आहे, तुम्हाला पत्र पोचायच्या आत. ते काय म्हणतील माहीत नाही. ह्या वेळी "बघू" म्हणायचे नाहीत, एवढं नक्की. तुम्हालाही रागवायचा हक्क आहे, तुमची आई आहे. मला जे बोलायचं ते बोला, मी ऐकेन. पण अव्वांना नेऊ नका. पहिल्या पत्रात तुम्हाला बोलावलं ते माझ्यासाठी. हे मागणं त्यांचंही आहे.

गुरुवारी आलात तर मी शुक्रवारी जाईन. न्यायला येणार असाल तर तसं कळवा. मग मी नऊ घरी स्वतः जाऊन सांगेन की मी येत नाही. पोरी मला काय म्हणतील ते म्हणोत. मी त्या दिवशी अव्वांच्या खाटेपाशीच असेन, आणि तुम्हाला आधी माझ्याशी भांडावं लागेल.

अव्वा म्हणतात, पाठवतेच आहेस तर माझ्याकडनं एक ओळ घाल. जसंच्या तसं लिहिते:

"शांता, पोरी, ये. हातपाय धुवून पोटभर जेव, दोन दीस माझ्यापाशी नीज. आन एकलीच परत जा."

आम्हा दोघींच्या वतीनं,
महानंदा