देवीला आधीच दाखवलेला सिनेमा

९ एप्रिल १९७४

अ-तिंगला कुणी विचारलं होतं? नवस माझा, बोलले मी, आणि फेडायला निघाला हा शहाणा! नात धडधाकट घरी आली की माझू आईला, आमच्या दर्यादेवीला, तिच्या देवळापुढे सिनेमा दाखवीन — असा नवस. 'आली की' म्हटलं होतं! पोरगी अजून डोंगरात, शूटिंगवर. आणि आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, सिनेमाचं मशीन शेजारच्या गावात आलंच आहे. परवा आपल्याकडे लावून टाकू. देवीला काय, आज नि उद्या सारखंच!"

मजुरी आधी हातावर ठेवली तर गवंडी पुन्हा फिरकतो का? देवी झाली म्हणून काय झालं!

माझी नात अ-खिम नटीच्या जागी उड्या मारते. नटीनं तोंड दाखवायचं, हिनं हाडं मोडायची. या खेपेला तीन मजली मनोरा आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी रचतात म्हणे. खोकी! आम्ही कालवंसुद्धा त्यात भरत नाही, बूड फाटतं.

१० एप्रिल

देवळात कौल लावला. आधी फेडला तर चालेल का? कौलाची दोन्ही लाकडं उताणी पडली, म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकली — पुन्हा हसली. अ-तिंग म्हणतो, "हसली म्हणजे खूश आहे." गाढव! हसली म्हणजे उत्तर दिलं नाही. माझा बापही मी काही मागितलं की असाच हसायचा, आणि मग द्यायचा नाही.

मशीनवाल्याला नको म्हणून सांगायला गेले. पडदा बांधूनसुद्धा झाला होता.

११ एप्रिल

लावला सिनेमा. पडद्याचं तोंड देवळाकडे, पुढचं बाकडं देवीसाठी मोकळं, मागे आम्ही सगळे. मी ठरवलं होतं, बघायचाच नाही. पाठ करून बसले.

मग पहिली लाथ बसली आणि मी वळले.

काय सिनेमा! दुष्टानं बापाला चहात विष घातलं, पोरगी एका काण्या शेवयावालीकडे लढाई शिकते, आणि मग एकेकाला गाठते. बांबूचं बन तेच तेच — तिथं तीनदा मार खाल्ला तरी दुष्टाची मेली माणसं पाणी प्यायला दुसरीकडे जात नाहीत! दुष्टाची मिशी एका बाजूनं सुटलेली. पुढच्या मारामारीत दुसऱ्या बाजूनं! रक्त म्हणजे सुपारीची पिंक. बोलणं मँडरिनमधलं, अर्धं डोक्यावरून गेलं. लाथा सगळ्या कळल्या. मी ओरडत होते, "धर त्याला! कानाखाली दे!" भाजलेलं माकूल हातात तसंच गार झालं.

शेजारची चिम म्हातारी म्हणाली, "तुझी नात कुठाय गं? नटी तर भलतीच कुणीतरी."

"पाठ बघ," म्हटलं. "पाठ आली की माझी."

आणि पाठ आलीच. कौलांवरून धावत. अ-खिम लहानपणापासून डावा खांदा पुढे काढून धावते. कौलाच्या टोकाला गेली आणि — उडी. गाव टाळ्या पिटत होतं. मी वाकून पडद्याच्या खाली बघितलं. ती खाली पोचलेली दाखवतच नाहीत! खाली नटी उभी, केससुद्धा विस्कटले नाहीत.

सिनेमा संपला तसा पुजाऱ्यानं घंटा वाजवली, "नवस पोचला!" लोक उठले. मी देवीच्या मोकळ्या बाकड्याकडे बघत बसले. आता देवी मोकळी झाली. पोरीला धरणारं वर कुणी उरलं नाही.

१२ एप्रिल

वाण्याच्या दुकानातून शूटिंगवाल्यांच्या उतरायच्या जागी फोन लावला. वाणीण कान टवकारून.

"आजी, जेवलीस का?"

"ते राहू दे. नवस फिटलाय. तू उडी मारायची नाहीस."

"अगं, परवा मनोऱ्याचं शूटिंग! सगळी तयारी झाली."

"पोट दुखतंय म्हण. लोळ जमिनीवर. ओक."

"मग मारायची कुणी?"

"मला काय त्याचं! ज्याचा सिनेमा त्यानं मारावी!"

मग ती हळूच म्हणाली, "आजी, खरं सांगू? मलाही या खेपेला भीती वाटतेय." ही पोरगी कधी असं बोलत नाही.

१३ एप्रिल

कालवं सोलताना सुरी दोनदा हातात घुसली. सून म्हणाली, "सासूबाई, आज बसा." बसून काय करू? बसलं की मनोरा दिसतो.

१४ एप्रिल

आज शूटिंग. फोन नाही. जपान्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या शाळेत दोन इयत्ता झाल्या, त्या सगळ्या अक्षरांतून आज एवढंच उतरतं — भीती वाटते. भीती वाटते.

१५ एप्रिल

अ-खिम आली. धडधाकट. मी तिची हाडन्हाड चाचपली. ती रडत होती, मला वाटलं आनंदानं.

पोटदुखी खपली. तिच्या जागी बी-चूनं उडी मारली — खाडीपलीकडची, हिच्याच खोलीत झोपणारी. खोकी सरकली. कमरेखाली काही हलत नाही तिचं. घरी म्हातारी आजी, आणि तिला अजून कुणी कळवलेलं नाही.

अ-खिमला म्हटलं, डोळे पूस, चप्पल घाल. पलीकडे जायला होडी मिळते का बघ. म्हातारी विचारेल, "माझीच का?" तू तोंड उघडायचं नाहीस. उत्तर मी देणार.