शाबूत डोक्याचा साप

सोमवार, ता. ४

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या सापांपायी काल बाबांना मार बसला. रोपवाटिकेतल्या पालापाचोळ्याच्या ढिगात सापडलेले पाच करंगळीएवढे तपकिरी साप त्यांनी तुझ्या संग्रहालयासाठी डब्यात जपून ठेवले होते. परवा मुकादमाच्या मुलीला काहीतरी चावलं, ती अजून शुद्धीवर नाही. त्याने डबा पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. तिघांनी मिळून फावड्याच्या दांड्याने बाबांचा डावा हात मोडला, मग सापांची डोकी ठेचली. हे बिनविषारी आहेत, गांडुळं खाऊन मातीत दडून राहतात, असं बाबा सांगत होते. पण ऐकतो कोण. रविवारपर्यंत रोपवाटिकेतली खोली सोडली नाही तर जीव घेईन, असं मुकादम बजावून गेलाय.

तू संग्रहालयाच्या शिक्क्याचं पत्र दे, की हे साप निरुपद्रवी आहेत. शिक्का दिसला की तो नरमतो. पाचही साप बसच्या ड्रायव्हरबरोबर बरणीतून पाठवतेय. अक्षर तेवढं माणसासारखं काढ.

तुझी माया अशीच राहू दे.
ताई

बुधवार, ता. ६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाची आग झाली. मुकादम समोर असता तर नरडं दाबलं असतं. पण पत्र आत्ताच देता येत नाही, रागावू नकोस. पोटाचे खवले मोजले, ते बिनविषारी जातीशी जुळतात. मात्र जात ठरते डोक्यावरच्या खवल्यांवरून आणि दातांवरून, आणि पाचही डोक्यांचा चेंदामेंदा झालाय. याच रंगाचा एक विषारी भाऊबंद आहे. अंदाजाने लिहिलं आणि चुकलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. शाबूत डोक्याचा एक पाठव, त्याच दिवशी शिक्का मारतो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
बारक्या

शनिवार, ता. ९

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, तिथेच चुकलं. पोरगं बरोबर बोलतंय, म्हणाले. काल सकाळी मला न सांगता, मोडका हात गळ्यात बांधून ढीग उपसायला गेले. मुकादमाला वाटलं, म्हातारा पुन्हा साप जमवतोय. या वेळी दांडा नाही, फावड्याचं पातं मारलं. तीनदा.

उजवी मूठ मेल्यावरही उघडेना. एकेक बोट मी सोडवलं. आत साप जिवंत होता, मलाही चावला नाही. मुकादमाची मुलगी शुद्धीवर आलीय, तिला विंचू चावला होता म्हणे.

साप सोबत पाठवतेय. हे पोचेल तोवर बाबांचं सगळं उरकलेलं असेल. तुला तार मुद्दामच केली नाही. सावकाश मोज.

ताई