सातव्या मेंढीचं वय

ती. आत्यास,

नमस्कार दोन. एक नेहमीचा आणि एक खाली जे लिहिणार आहे त्याबद्दल आगाऊ. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि शेजारच्या वकीलबाईंशी चाललेलं तुझं कुंपणाचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. अब्रू तेवढी जरा नरम आहे.

तू आमच्या संग्रहालयाला प्रदर्शनापुरतं दिलेलं चित्र (ओढा, मेंढपाळ मुलगी, सात मेंढ्या) किती जुनं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या सहीचा हा पहिलाच अहवाल, आणि नोकरी कायम होणं त्याच्यावर टांगलेलं. चित्र आपल्या घरात कुठून आलं याच्या तुझ्या तीन हकिकती आहेत आणि तिन्हींत आजोबा वेगवेगळ्या माणसाला बुद्धिबळात हरवतात, म्हणून मी चित्राची पाठ पाहिली. पाठ खोटं बोलत नाही (म्हणूनच आपल्या घरात ती भिंतीकडे तोंड करून राहिली असावी). हातमागाचं कापड, हातानं घडवलेले खिळे, चौकटीवर विक्रेत्याची चिठ्ठी आणि तिच्यावर साल १७६४. इथेच थांबलो असतो तर आज कायम झालो असतो.

पण मला कोपऱ्यातली सातवी मेंढी दिसली. बाकीच्या सहा गुळगुळीत, एकसारख्या. ही एकटी जाड रंगाची, मान वर करून ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी पाहणारी. मी अडीच पानं लिहिली, की मूळ चित्रकाराच्या हातची एवढी मेंढीच उरली आहे, बाकीचं नंतर कुणा सामान्य माणसानं रंगवलं. सही ठोकली. साहेब इतके खूश झाले की मेंढी निमंत्रणपत्रिकेवर गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाई आल्या. (सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात, कारण त्या भिंग गळ्यात घालून जेवतातही.) त्यांनी स्पिरिटचा बोळा मेंढीच्या शेपटीला लावला. दोनशे वर्षांचा तेलरंग असा सहजी निघत नाही; शेपूट बोळ्यावर आली. पांढरा रंग विसाव्या शतकातला निघाला आणि क्ष-किरणांत मेंढीच्या पोटात भोक दिसलं, मागून तसल्याच जुन्या कापडाचं ठिगळ डकवून बुजवलेलं; पाठ पाहताना ते मला दिसलंच नव्हतं. "दारंखिडक्यांचा रंग आहे हा," बाई म्हणाल्या. "मेंढी पन्नाशीच्या आतली आहे." मी दोन दिवस साहेबांची नजर चुकवत हिंडलो.

शेवटी काकांना फोन केला (म्हणजे तुझ्या यजमानांना, पत्र भलत्याच्या हाती पडलं तर घोटाळा नको). काका फोनवर हवापाण्यापलीकडे जात नाहीत. त्या दिवशी मेंढीचं नाव काढताच एका दमात सगळं सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी पडद्याची दांडी बसवताना ती तुझ्या हातून सुटली आणि चित्रात घुसली. चित्र आजोबांनी लग्नात दिलेलं, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी राहायला येणार होते. तू डोळे सुजेपर्यंत रडलीस. काकांनी भोक बुजवलं, खिडक्यांचा उरलेला रंग काढला आणि आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं चित्र काढलं. आजोबा आले, चहा प्यायले, मेंढ्या मोजल्या नाहीत. (हे मला कळलंय हे तुला कळू द्यायचं नाही असं बजावलं आहे, तेव्हा एवढं तुझ्या वाचनात आलं नाही असं समजू.)

मी नवा अहवाल दिला आहे: चित्र १७६४च्या सुमाराचं, मेंढी नंतरची, चूक माझी. कायम व्हायचं पुढच्या वर्षावर गेलं. निमंत्रणपत्रिका परत मागवणं चालू आहे.

तुझा भाचा

ता. क. गुरुवारी भिंगबाई मेंढी पुसणार आहेत. नंतरचा रंग ठेवायचा तर तो कुणी, कधी आणि कशामुळे लावला हे मालकिणीनं लिहून द्यावं लागतं, आणि तो कागद चित्राशेजारी लावतात. मालकीण तू आहेस. 'माझ्या हातून आजवर कप फुटला नाही' असं तू दोन्ही सुनांना रोज ऐकवतेस, त्यामुळे मी काय मागतोय याची मला कल्पना आहे. दोन ओळी पुरतील. बुधवारच्या आत.

ता. ता. क. काकांना हेही विचारलं होतं. म्हणाले, "पुसू देत. तिचं नाव नको पुढे यायला." आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्यांनीच परत केला आणि विचारलं, पुसायच्या आधी एकदा येऊन बघितली तर चालेल का.