म्हशाच्या जत्रेतला म्हातारा

५ मार्च २०१७, रविवार
ठरलं. ३१ तारखेला आमची सगळी केबल डिजिटल. सेटटॉप बॉक्स नसेल त्याच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. आमचे मालक सुयोगशेठ म्हणाले, आपला लोकल चॅनलपण बंद. राग कंट्रोलमध्ये ठेवायचा नियम केलाय. स्क्रूड्रायव्हर फेकला, पण शेठ गेल्यावर.

८ मार्च
लोकल चॅनल बंद म्हणजे म्हशा गावच्या जत्रेचं मागच्या वर्षीचं शूटिंग दाखवणं बंद. त्यात आकाशपाळण्यापाशी रुपा उभी आहे आणि तिच्यामागे मी. एका फ्रेममध्ये. कॉलेज सोडल्यापासून (टेम्पररी सोडलंय) रोज संध्याकाळी सातला मीच ते लावतो. ती बघतच असणार. नायतर मुरबाडच्या बाजारात मला बघून मान खाली का घालते?
अडचण एकच. पुढ्यात एक म्हातारा. खांद्यावर घोंगडी, हातात बैलाचा कासरा. रुपाचं अर्धं तोंड झाकतो. एवढा राग मला प्रिन्सिपलचापण आला नव्हता.

१३ मार्च
शेठनी रुपाच्या पाड्यावर बॉक्स बसवायला पाठवलं. गेलोच नाय. सांगितलं, घरं बंद होती. शेठ म्हणाले, अख्खा पाडा? म्हटलं, लग्नाला गेलाय.
प्लॅन: त्या पाड्याची जुनी लाइन गुपचूप चालू ठेवायची. कायमची.

१९ मार्च
बाकीच्या लाइनी काढल्यापासून चित्राला सावली पडते. प्रत्येक माणूस दोनदा. म्हातारेसुद्धा दोन. आज त्याने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. आधी बघत नव्हता. पॉज केलं, तरी घोंगडी हलत होती. पंख्याने असेल.
पंखा बंद होता.

२४ मार्च
म्हातारा रोज जरा ठळक होतोय. मी पुसट. चॅनलच्या मशीनवर नारळ ठेवला. शेठनी फोडून खाल्ला.

३० मार्च
उद्या स्वतः जाणार. रुपाला सगळं सांगणार. शर्ट इस्त्री केला. बाहीला जळला, पण बाही दुमडली की कळत नाय.

३१ मार्च
रुपाच्या अंगणात आमची वायर सापडली. तिच्यावर गोधड्या वाळत होत्या. छपरावर डिशची छत्री. तिचा भाऊ म्हणाला, दिवाळीपासून आहे. रुपा दारातूनच बोलली, "दादा, वायर खेचू नको हां. गोधड्या ओल्या हायत."
दादा.
परत निघालो तर शेजारच्या सकुबाईने हाक मारली. घरात जुना डबडा टीव्ही. आमचा चॅनल लागलेला. सांगत होती, नवरा धाऊ पावसाळ्यात गेला. घरात त्याचा एक फोटो नाय. पण रोज सातला जत्रेत बैल घेऊन उभा राहतो, मग ती त्याच्यासमोर बसून जेवते.
"तूच आणतोस ना रे त्याला?"
म्हटलं, हो. आजपासून येणार नाय, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मला नीट निरखलं.
"आन् त्याच्या मागं एक पोरगा असतो, तुज्यासारकाच रागीट. तो कशानं वारला?"
म्हटलं, जत्रेतच गेला.

संध्याकाळ
शेठचा फोन. लाइन तोडली का? म्हटलं, तोडली.
सकुबाईची लाइन तशीच ठेवून सातला मशीन लावलं. म्हातारा आला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाय.