झुल्मिरामावशीच्या टाकीवरून वळण

६ ऑगस्ट
वर्तमानपत्रात माझा फोटो. टोपी वाकडी! खाली मजकूर — पंचवीस तारखेला स्वातंत्र्यदिनी विमानांचं नेतृत्व करणारी नाईर बेन्तांकोर, हवाई दलातली पहिली मुलगी, खरं तर ब्राझीलची. उरुग्वेला आपली एक मुलगी सापडली नाही का?

८ ऑगस्ट
कर्नल आरोसेनांनी बोलावलं. कायद्याची अडचण नाही, वडील उरुग्वेचे. पण वरून विचारणा आहे. जन्म कुठला? रिवेरा, म्हटलं. कर्नल राजधानीचे, त्यांना आमचा रस्ता समजावून सांगावा लागला. अलीकडे रिवेरा, पलीकडे ब्राझीलचं लिव्रामेंतो. मधे ना भिंत, ना फाटक. आमचा पाव तिकडून येतो, त्यांचं मांस इकडून जातं.
“मग तू नक्की कुठली?”
खात्री पटली नाही तर नेतृत्व दुसऱ्याकडे. आमच्याच गावावरून उडायचं, आणि पुढे दुसरा कुणी!

१३ ऑगस्ट
रविवार. कर्नल स्वतः रिवेरात आमच्या घरी आले. आईने गरम तळलेल्या पुऱ्या पुढे केल्या, म्हणाली, इथलीच आहे, घ्या अजून. तेवढ्यात समोरची, लिव्रामेंतोतली शेजारीण झुल्मिरामावशी रस्त्यापलीकडून चपला फटफटवत हजर. “आमची पोर आहे, साहेब. नाक बघा तिचं!” कर्नलनी खरोखर नाक बघितलं. जाताना एवढंच — बघू.

२१ ऑगस्ट
मीच पुढे उडणार! मीच!

२५ ऑगस्ट
चार विमानं, स्वच्छ थंड आकाश. चौकावरून खाली आलो, वळलो, पुन्हा आलो. दोन्हीकडच्या गच्च्यांवर माणसं, हातात चादरी, पंचे, काय मिळेल ते. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने गात होते.
उतरले तर कर्नल पांढरेफटक. वळलीस कुठून?
पलीकडून.
परवानगी?
“कुणाची?” मी खरंच विचारलं.

२६ ऑगस्ट
कर्नलपुढे ताठ उभी. लष्करी विमानं परक्या देशात नेलीस, ते म्हणाले. पलीकडून अजून तक्रार नाही, पण आली तर? मी खरं ते सांगितलं — मनातच आलं नाही. आखणी करतानाही नाही. खूण धरली होती झुल्मिरामावशीची पाण्याची टाकी.
कर्नलनी नकाशा पुढे ओढला. मग हसायला लागले, चष्मा काढावा लागला.
“ब्राझीलची असतीस तर ते ब्राझील आहे, हे तुला ठाऊक असतं. तू रिवेराचीच.”
वर तसंच कळवणार आहेत. महिनाभर उड्डाण बंद. शिक्षा ऐकतानाही हसूच येत होतं. पाठीमागे दार लावलं आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले.

२७ ऑगस्ट
आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या जन्माच्या दिवशी इकडची सुईण लग्नाला गेली होती. तू झुल्मिराच्या पलंगावर झालीस.
इतकी वर्षं बोलली का नाहीस?
“सांगण्यासारखं काय होतं? रस्ता ओलांडला, एवढंच.”